प्रो कबड्डीचा पहिला हंगाम: २०१४ च्या त्या ३७ दिवसांत कबड्डीचं नेमकं काय बदललं?

रिल्सवर स्क्रोल करताना कधीतरी तो व्हिडिओ समोर येतोच. निळी-केशरी मॅट, मांडीवर थाप मारून सुरू झालेली चढाई, कोपऱ्यातून झेपावलेला बचावपटू आणि मागे किंचाळणारं स्टेडियम. आज हे दृश्य नेहमीचं वाटतं. पण २०१४ च्या आधी कबड्डी टीव्हीवर दिसायची ती चार वर्षांतून एकदा, आशियाई स्पर्धांमध्ये. तीही भारताला सुवर्णपदक मिळालं की बातमीपुरती.

हे चित्र बदललं ते २६ जुलै ते ३१ ऑगस्ट २०१४ या ३७ दिवसांत. प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामात. हा हंगाम मुंबईत सुरू झाला आणि मुंबईतच संपला. या हंगामाने कबड्डीपटूला पैसा दिला, चेहरा दिला. पण त्याबरोबर एक जुना नियमही मोडला. तो म्हणजे, खेळाडू ज्या मातीतला, त्या मातीसाठी खेळणार.

हा हंगाम काय होता, त्यात काय घडलं आणि त्याचा महाराष्ट्राला फायदा झाला की तोटा, ते समजून घेऊ.

२०१४ च्या आधी कबड्डी कुठे होती?

हुतुतू, हु-डू-डू, चेडुगुडू अशा वेगवेगळ्या नावांनी हा खेळ देशभर खेळला जायचा. त्याला लिखित नियमांची चौकट देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. १९५० मध्ये राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ म्हणून आली.

महाराष्ट्रात या खेळासाठी आयुष्य वेचलेले शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांना ‘कबड्डीमहर्षी’ म्हणतात. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो.

मुंबईत कबड्डी वाढली ती मंडळांत. लालबाग, प्रभादेवी, दादर, उपनगरांतल्या चाळी आणि कोळीवाडे इथल्या पटांगणांवर रात्री दिवे लावून सामने व्हायचे, आजही होतात. संध्याकाळी मैदानावर पाणी मारायचं, फक्कीने रेषा आखायच्या आणि सामन्याला बसायचं.

पण खेळून पोट भरायचं कसं? याचं उत्तर एकच होतं. नोकरी.

कबड्डीपटू आणि नोकरी: माहुलचा संदर्भ

चेंबूरच्या पलीकडे, खाडीच्या काठावर माहुल आहे. जुनं कोळ्यांचं गाव आणि त्याला लागून तेलाच्या टाक्या, चिमण्या, पाइपलाइन. इथली भारत पेट्रोलियमची रिफायनरी १९५५ मध्ये बर्मा-शेल कंपनीची म्हणून सुरू झाली आणि १९७६ मध्ये सरकारी मालकीची झाली.

मुंबईच्या कबड्डीत ‘भारत पेट्रोलियम’ हे नाव ऐकल्यावर पेट्रोल पंपाआधी एक तगडा संघ आठवतो. बँका, रेल्वे, पोलीस, महिंद्रा, एअर इंडिया, पेट्रोलियम कंपन्या या सगळ्यांचे कबड्डी संघ होते. चांगला खेळाडू हेरायचा, त्याला नोकरी द्यायची आणि व्यावसायिक गटाच्या स्पर्धांमध्ये कंपनीच्या नावाने उतरवायचं, अशी ही पद्धत. महिन्याचा पगार, पीएफ, मेडिकल आणि सरावाला सवलत. खेळाडूच्या घरच्यांसाठी कुठल्याही चषकापेक्षा ते नियुक्तीपत्र मोठं असायचं.

म्हणजे २०१४ पर्यंत कबड्डीपटूच्या अंगावर तीन जर्सी असायच्या. एक मंडळाची, एक कंपनीची आणि निवड झालीच तर राज्याची. तिन्ही जर्सींचा त्याच्या राहण्याशी किंवा नोकरीशी थेट संबंध होता. त्याला कोणी विकत घेतलेलं नव्हतं.

लीगची कल्पना आली कुठून?

२००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत समालोचक चारू शर्मा यांनी पाहिलं की कबड्डीच्या सामन्यांना परदेशी प्रेक्षकही रमतात. खेळ वेगवान आहे, समजायला सोपा आहे आणि ४० मिनिटांत संपतो. टीव्हीसाठी याहून सोयीचं काय असणार? पुढे त्यांनी आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ‘मशाल स्पोर्ट्स’ ही कंपनी काढली. प्रक्षेपणासाठी स्टार स्पोर्ट्स आलं आणि लीग उभी राहिली.

खेळात टीव्हीच्या हिशोबाने काही गोष्टी पक्क्या करण्यात आल्या.

• मातीऐवजी मॅट.
• प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मर्यादा. स्क्रीनवर घड्याळ.
• मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली, तर ‘अव्वल पकड’ म्हणजेच सुपर टॅकल. एक गुण जादा.
• सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर चढाईपटू बाद. हीच ‘डू ऑर डाय’ चढाई.

मंडळाच्या स्पर्धांमध्ये आघाडी घेतलेला संघ वेळ काढायचा, आरामात रेषा शिवून परत यायचा. नव्या नियमांमुळे ही पळवाट बंद झाली. दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी घडणं भागच पडलं.

लिलाव: १२ लाख ८० हजारांची बोली

मे २०१४ मध्ये मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला. सर्वात मोठी बोली लागली राकेश कुमारवर. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजार रुपयांना घेतलं. राकेश तेव्हा भारतीय कबड्डीतलं सर्वात मोठं नाव होता आणि रेल्वेत नोकरी करत होता.

क्रिकेटच्या आकड्यांपुढे ही रक्कम किरकोळ वाटेल. पण महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या खेळाडूंसाठी पाच आठवड्यांच्या खेळाला लाखांत पैसे मिळणं ही कल्पनाच नवी होती.

पहिल्या हंगामात आठ संघ होते: यू मुम्बा, पुणेरी पलटण, जयपूर पिंक पँथर्स, पाटणा पायरेट्स, बंगळुरू बुल्स, बंगाल वॉरियर्स, दबंग दिल्ली आणि तेलुगू टायटन्स. यू मुम्बाचे मालक रॉनी स्क्रूवाला, तर जयपूरचा मालक अभिषेक बच्चन.

हंगामाचं गणित असं होतं. प्रत्येक संघ इतर सातही संघांशी दोनदा खेळणार, म्हणजे प्रत्येकाचे १४ साखळी सामने. एकूण ५६ साखळी सामने, मग दोन उपांत्य सामने, तिसऱ्या क्रमांकाचा सामना आणि अंतिम सामना. सगळे मिळून ६०. विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर १ गुण. त्यामुळे हरतानाही शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजण्याला अर्थ होता. सामने एकेका शहरात मुक्काम करत पुढे सरकायचे आणि आठही संघ त्या ताफ्यासोबत फिरायचे.

पहिला सामना: वरळीतली ती रात्र

२६ जुलै २०१४. वरळीचं सरदार वल्लभभाई पटेल इनडोअर स्टेडियम, म्हणजेच एनएससीआय. यू मुम्बा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. प्रेक्षकांत सिनेमा आणि क्रिकेटमधले तारे. बऱ्याच जणांचं लक्ष सुरुवातीला मॅटपेक्षा त्या खुर्च्यांकडेच होतं.

मग अनुप कुमारने चढाया सुरू केल्या. हरयाणा पोलिसांतला हा शांत चेहऱ्याचा खेळाडू यू मुम्बाचा कर्णधार होता. तो उगाच झटापट करायचा नाही. बोनस रेषेवर पाय टाकायचा, बचावपटूला पुढे यायला भाग पाडायचा आणि हलकेच हात लावून परतायचा. मुंबईने सामना ४५-३१ असा जिंकला. कबड्डीला ‘कॅप्टन कूल’ मिळाला तो याच हंगामात.

मुंबईचा संघ, पण त्यात मुंबईचे किती?

कर्णधार अनुप कुमार, कोपरारक्षक सुरेंदर नाडा हे हरयाणाचे. मोहित छिल्लर दिल्लीचा. बचावपटू जीवा कुमार तमिळनाडूचा. चढाईपटू शब्बीर बापू केरळचा. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्यांपैकी रिशांक देवाडिगा आणि विशाल माने या संघात होते. रिशांक पुढे भारत पेट्रोलियमचा खेळाडू म्हणूनही ओळखला गेला.

नवी गोष्ट नेमकी हीच होती. मंडळाच्या सामन्यात ‘आपला पोरगा’ खेळत असतो, म्हणून गल्ली जमते. इथे संघ मुंबईचा आणि बहुतेक पोरं बाहेरची. तरीही वरळीतलं स्टेडियम ‘मुम्बा, मुम्बा’ ओरडत होतं.

दुसरीकडे सांगलीच्या कासेगावचा काशिलिंग आडके दबंग दिल्लीसाठी गुण गोळा करत होता. महाराष्ट्राचा खेळाडू दिल्लीच्या जर्सीत महाराष्ट्राच्या संघाविरुद्ध उतरतोय, हे पचायला जुन्या कबड्डीप्रेमींना थोडा वेळ लागला.

आणि पुणे? पुणेरी पलटण त्या हंगामात गुणतक्त्यात तळाला राहिली.

अंतिम सामना: सुरुवात झाली तिथेच शेवट

उपांत्य फेरीत जयपूरने पाटण्याला ३८-१८ असं लोळवलं. यू मुम्बाने बंगळुरू बुल्सला २७-२३ असं झुंजून हरवलं. म्हणजे ज्या दोन संघांनी हंगाम सुरू केला, तेच अंतिम फेरीत आले. मैदानही तेच.

३१ ऑगस्ट २०१४. मुंबईत मुंबईचा संघ, घरचे प्रेक्षक, पहिल्या सामन्यातल्या मोठ्या विजयाची आठवण. सगळं मुंबईच्या बाजूने होतं. पण जयपूर आता तो जुलैमधला संघ राहिला नव्हता. राजस्थानच्याच नवनीत गौतमच्या नेतृत्वाखाली त्यांचा बचाव घट्ट झाला होता आणि मनिंदर सिंगसारखा तरुण चढाईपटू हंगामभर गुणांची लयलूट करत आला होता. जयपूरने अंतिम सामना ३५-२४ असा जिंकला. पहिल्या सामन्यात १४ गुणांनी हरलेला संघ शेवटचा सामना ११ गुणांनी जिंकून पहिला विजेता ठरला.

अनुप कुमारने हंगामात चढाईचे सर्वाधिक १५५ गुण मिळवले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. मुंबईला चषकासाठी एक वर्ष थांबावं लागलं. २३ ऑगस्ट २०१५ रोजी बंगळुरू बुल्सला ३६-३० असं हरवून यू मुम्बाने दुसरा हंगाम जिंकला.

टीव्हीवर किती जणांनी पाहिलं?

पहिल्या हंगामाची प्रेक्षकसंख्या ४३.५ कोटी असल्याचं जाहीर झालं. त्या वर्षी भारतात आयपीएलनंतर सर्वाधिक पाहिली गेलेली ही क्रीडा लीग ठरली. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा आकडा ‘किती जणांपर्यंत पोहोचली’ याचा असतो, प्रत्येकाने पूर्ण सामने पाहिले असा त्याचा अर्थ होत नाही. तरी हॉकी, फुटबॉल, बॅडमिंटन या सगळ्यांना मागे टाकून कबड्डी दुसरी येईल, हे त्या मे महिन्यात लिलावाला बसलेल्यांनाही वाटलं नसेल.

दुसरा रस्ताही होता का?

देशी खेळ मोठा करायचा तर लिलाव आणि मालक हवेतच का? आयर्लंडचं उदाहरण बघण्यासारखं आहे.

तिथे हर्लिंग नावाचा खेळ आहे. हातात लाकडी काठी, छोटा चेंडू आणि प्रचंड वेग. आपल्या कबड्डीसारखाच तो त्यांच्या मातीतला. १८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन हा खेळ चालवते. १८८७ च्या पहिल्या राष्ट्रीय हंगामात प्रत्यक्ष खेळले अवघे पाच जिल्हे आणि अंतिम सामना पुढच्या वर्षी, १ एप्रिल १८८८ रोजी बर गावात झाला. टिपरेरीने गॉलवेला हरवलं. आज हाच अंतिम सामना डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये होतो आणि ८० हजारांहून जास्त प्रेक्षक येतात.

पण मैदानावरच्या एकाही खेळाडूला खेळण्याचा पगार मिळत नाही. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी बँकेत. लिलाव नाही, मालक नाही. खेळाडू आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या जिल्ह्याकडून खेळतो.

म्हणजे गर्दी खेचायला लिलाव लागतोच असं नाही. आयर्लंडने मातीशी नातं जपलं आणि खेळाडूने विनामोबदला खेळावं हे मान्य केलं. कबड्डीने खेळाडूला पैसा दिला आणि त्याचा गावाशी असलेला हक्क सैल केला. दोन्हीकडे काही मिळालं, काही गेलं. फरक इतकाच, की भारतात खेळणारी बहुतेक पोरं शेतकरी आणि कष्टकरी घरांतली. त्यांना ‘फुकट खेळा’ म्हणणं सोपं नव्हतं.

मग महाराष्ट्राला काय मिळालं?

सुरुवातीला ओरड होती की लीगमध्ये हरयाणाचा बोलबाला आहे आणि महाराष्ट्र मागे पडतोय. ती खोटी नव्हती. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतही महाराष्ट्राच्या पुरुषांना बरीच वर्षं सुवर्णपदकाने हुलकावणी दिली होती. सेनादल आणि रेल्वेसारखे संघ देशभरातले खेळाडू नोकरीत घेऊन ताकदवान झाले होते.

मग आली हैदराबादच्या गच्चीबावलीतली ६५वी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा. ५ जानेवारी २०१८ रोजी अंतिम सामन्यात महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवलं आणि तब्बल ११ वर्षांनी विजेतेपद घरी आणलं. कर्णधार होता रिशांक देवाडिगा. तोच, जो २०१४ च्या त्या पहिल्या हंगामात यू मुम्बाच्या संघात होता. सोबत विशाल माने, गिरीश इरनाक असे लीगमध्ये तावून-सुलाखून निघालेले गडी. देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंसमोर वर्षातून कित्येक सामने खेळायला मिळाले, त्याचा हा परिणाम.

त्याच संघात कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाईही होता. त्या वर्षीच्या लिलावात यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्याने पदार्पणाच्या हंगामात चढाईचे २१८ गुण कमावले आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. रिशांकवर २०१८ मध्ये यूपी योद्धाने १ कोटी ११ लाखांची बोली लावली. त्या वर्षीची सर्वात मोठी बोली मोनू गोयतवर होती, १ कोटी ५१ लाख. २०१४ च्या सर्वात मोठ्या बोलीच्या जवळपास १२ पट. तेही चार वर्षांत.

कोण मागे राहिलं?

महिला. २०१६ मध्ये महिलांसाठी ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ झालं. तीनच संघ: फायर बर्ड्स, स्टॉर्म क्वीन्स आणि आइस दिवाज. मुंबईची अभिलाषा म्हात्रे आइस दिवाजची कर्णधार होती. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने एका गुणाने, २४-२३ असा जिंकला. सामना रंगला, पण पुढच्या वर्षी ही स्पर्धा झालीच नाही. मंडळाच्या मैदानावर पुरुषांइतकाच घाम गाळणाऱ्या मुलींसाठी नोकरी हाच मोठा आधार राहिला.

आणखी एक धक्का २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत बसला. भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले. १९९० पासूनची सुवर्णपदकांची मालिका तुटली. इराणचे कित्येक खेळाडू प्रो कबड्डीत आपल्याच खेळाडूंसोबत खेळून तयार झाले होते. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणच जिंकला आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

थोडक्यात काय?

पहिल्या हंगामाने कबड्डीचा दर्जा एका रात्रीत वाढवला, असं नाही. दर्जा आधीच होता, मंडळांच्या पटांगणांवर आणि कंपन्यांच्या संघांत. पहिल्या हंगामाने त्याला किंमत लावली आणि देशाला दाखवलं.

गावाशी तुटलेलं नातं परत जुळतं का? याचं एक उत्तर १ मार्च २०२४ रोजी मिळालं. पहिल्या हंगामात तळाला राहिलेल्या पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून आपलं पहिलं विजेतेपद पटकावलं. या संघाने आयते तारे विकत घेण्यापेक्षा तरुण पोरं घडवण्यावर भर दिला होता. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, सोबतीला पंकज मोहिते, आकाश शिंदे ही महाराष्ट्राचीच पोरं.

त्यामुळे पुढच्या वेळी गल्लीत रात्रीचे सामने लागलेले दिसले, तर दोन मिनिटं थांबा. लीगचा पुढचा मोठा चढाईपटू कदाचित तिथेच, फक्कीने आखलेल्या रेषेवर दम घेत उभा असेल.